साहेब आले की उलटं

परीक्षक लोखंडे सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला आणि गणपतला विचारलं, ‘तुम्ही हातांकडे बघता. चेहरे कधी बघणार?’

‘हो सर,’ गणपत म्हणाला. गणपत बेंद्रे कशालाही हो सरच म्हणायचा. वार्षिक पाठ नुकताच संपवून तो पाचवी ‘ब’च्या फळ्यासमोर घामाघूम उभा होता. आमच्या डी.एड.च्या बॅचमध्ये सगळ्यात मोठा आवाज त्याचा होता आणि त्या आवाजात सगळ्यात कमी मजकूर असायचा.

मागच्या बाकावर मी निरीक्षणाची वही मांडीवर घेऊन बसले होते. ते वाक्य ऐकून माझं पेन थांबलं. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, शब्द न् शब्द, माझ्याच ब्लॉगवर, खालच्या कॉमेंटमध्ये.

ब्लॉग हा शब्दच तेव्हा आमच्या गावात चारपाच जणांना माहीत असेल. २००९ सालचा मार्च. एस.टी. स्टँडमागच्या नेट कॅफेत दर शनिवारी मी एक तास बसायची आणि ‘मागचा बाक’ नावाने लिहायची. स्वतःचं नाव कुठेही नव्हतं. डी.एड.ला एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे बसून त्याचं निरीक्षण वहीत लिहायचं, अशी पद्धत. वहीत सगळे एकच लिहायचे : आवाज स्पष्ट, फलकलेखन सुवाच्य, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. उद्या आपला पाठ असतो आणि मागे आजचा माणूस बसलेला असतो, म्हणून ही एवढी माया. मला जे खरोखर दिसायचं ते वहीत मावत नव्हतं. गणपत पस्तीस मिनिटांत बासष्ट वेळा ‘बरं का’ म्हणाला, हे कुठे लिहिणार? ते मी ब्लॉगवर लिहिलं. त्याचं नाव ठेवलं ‘तोफखाना’.

अकरा लेख झाले होते. त्यातल्या दोन लेखांचाच इथे संबंध आहे.

पहिला, उजव्या-डाव्या हाताचा. ही रीत आमच्या आधीच्या बॅचने आम्हाला दिली होती, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. पाठाच्या आदल्या आठवड्यात वर्गाला सांगून ठेवायचं : बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. परीक्षकाला दिसतं हातांचं जंगल, आपण निवांतपणे एखादा उजवा हात निवडायचा. मी हे सगळं मीठमसाला लावून लिहिलं. त्यावर ‘एक जुना शिक्षक’ या नावाने कॉमेंट आली : ‘आमच्या वेळीही हे होतं. हातांकडे बघता, चेहरे कधी बघणार? अजून चालतं का हे?’ मला इतका आनंद झाला की मी उलट टपाली सगळं सांगून टाकलं. हो, चालतं, पाचवीच्या वर्गात तर फारच छान चालतं.

दुसरा लेख यास्मिनवर होता.

यास्मिन मुलाणी माझी खोलीतली जोडीदारीण. आदल्या वर्षी तिचा वार्षिक पाठ बुडाला होता. एका मुलाने तिने लिहून आणलेल्या टाचणात नसलेलं उत्तर दिलं, आणि ही जी गप्प झाली ती बोललीच नाही. म्हणून ती पुन्हा आमच्या बॅचबरोबर पाठ देत होती. तिच्या मामांच्या ओळखीच्या आश्रमशाळेत जूनपासून तिच्यासाठी एक जागा होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं की एक वर्ष थांबलो, दुसरं थांबणार नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी लिहिलं. तिच्या सराव पाठांतली गप्प राहण्याची वेळ मी घड्याळ लावून मोजली होती : अकरा सेकंद, सतरा सेकंद, एकदा एक मिनिट चार सेकंद. लेखाचं नाव होतं ‘मौनीबाई’. नऊ जणांनी हसून कॉमेंट दिल्या. माझ्या ब्लॉगचा तो उच्चांक.

कोणीतरी वरच्या ‘मागचा बाक’ या नावासकट त्याचं प्रिंट काढून कॉलेजच्या जिन्यात चिकटवलं. यास्मिनने ते वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि त्या दिवसापासून गणपतशी बोलणं बंद केलं. तिची खात्री होती, लिहिणारा तोच, कारण तिच्या पाठांना सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. मी तिची समजूत घालत असे. ‘जाऊ दे गं, त्याची अक्कल तेवढीच.’ हे मी दोन वेळा म्हणाले.

तर त्या सकाळी क्रम असा होता : पहिला गणपत, मधली सुट्टी, मग यास्मिन, शेवटी मी. तिन्ही पाठ त्याच वर्गावर.

सुट्टीची घंटा झाली. लोखंडे सर उठता उठता म्हणाले, ‘पुढच्या पाठाला मुलांना मीही दोन प्रश्न विचारीन.’ आणि माझ्याकडे बघून हसले. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

मी यास्मिनला शोधत नळावर गेले. ती डस्टर ओला करत होती. शेजारी कट्ट्यावर तिच्या शैक्षणिक साधनाची वाटी, ओल्या फडक्यात मोड आलेली मटकी. पाठ ‘बीजाचं अंकुरण’ होता.

‘संजे, आज जमेल ना गं मला?’ ती म्हणाली.

‘होईल गं नीट.’

‘होईलच. मुलांना परत सांगून आले, उजवा-डावा. तेवढं असलं की मला काही वाटत नाही. मी कोणाच्या तोंडाकडे बघतच नाही. उजवा हात दिसला की “सांग बाळ”.’

‘आणि सरांनी विचारलं तर?’

‘ते कशाला डावा निवडतील? निवडला तर निवडला. सगळ्यांना थोडंच सगळं येतं.’ मग थांबून म्हणाली, ‘का गं? काही बोलले का ते?’

आता एक वाक्य बोलायचं होतं. यास्मिन, सरांना उजव्या-डाव्याचं माहीत आहे. त्यावर तिने विचारलं असतं, कसं काय? त्यावर मला सांगावं लागलं असतं, मी लिहिलं म्हणून. आणि मग पर्समधली ती घडी बाहेर आली असती.

‘काही नाही,’ मी म्हणाले. ‘गणपतला झापलं जरा.’

‘बरं झालं मेल्याला,’ यास्मिन म्हणाली आणि डस्टर पिळला.

सर मुद्दाम डावे हातच उठवणार, मग उत्तर डाव्यांनाच यायला हवं, असा हिशोब करत मी तिथून तडक वर्गात गेले. पाचसात पोरं मैदानात होती, बाकीची डबे झाकत होती. मी दार लोटलं आणि मैदानातल्यांना आत बोलावलं. अडतीसच्या अडतीस.

‘नीट ऐका,’ मी म्हणाले. ‘यास्मिनबाई प्रश्न विचारतील तेव्हा नेहमीसारखंच. येत असेल त्याने उजवा. पण ते मागे साहेब बसतात ना, ते प्रश्न विचारतील तेव्हा उलटं. येत असेल त्याने डावा. कळलं?’

‘हो बाईऽऽ!’

डी.एड.च्या पहिल्या महिन्यात आम्हाला शिकवलं होतं की सूचना दिल्यावर ‘कळलं का’ विचारायचं नाही. मुलं हो म्हणतात. एकाला उठवून सूचना परत वदवून घ्यायची. हे मी दहा गुणांच्या उत्तरात लिहून आले होते. त्या दिवशी ‘हो बाई’ ऐकून मी समाधानाने दार उघडलं.

घंटा झाली. सर आले, माझ्या बाकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. गणपत माझ्या दुसऱ्या बाजूला. यास्मिनने आत येऊन तारीख लिहिली, विषय लिहिला. अक्षर सुरेख होतं तिचं.

‘मुलांनो, उसळ करायची असली की आई मटकी पाण्यात का भिजत घालते?’

अडतीस हात वर. मला ते दृश्य मागून दिसत होतं आणि क्षणभर काही खटकलंही, पण काय ते कळेना.

यास्मिनने खिडकीकडचा एक उजवा हात निवडला. ‘तू सांग बाळ.’

ज्ञानू गाडेकर उठला. ‘म्हायती न्हाय, बाई.’

यास्मिनने डस्टर या हातातून त्या हातात घेतला. ‘बस. दुसरं कोण सांगेल?’

पुन्हा अडतीस हात. तिने पुढचा उजवा हात निवडला. पिंकी उठली आणि शांतपणे वेणीचं टोक चघळत उभी राहिली.

आता मला दिसलं. पहिल्या बाकावरची भाग्यश्री, जिला वर्गातलं सगळं येतं, तिने डावा हात खांद्यातून निखळेल इतका वर ताणला होता. वर्गातली हुशार पोरं सगळी डावी आणि बाकीची उजवी. माझं एवढं मोठं वाक्य पोरांनी आपल्या सोयीने आखूड केलं होतं. साहेब वर्गात आले की उलटं. आणि साहेब तर मागे बसलेलेच होते.

‘मटकीला... मटकीला मोड...’ यास्मिनचा आवाज गेला. तिने टाचणाची वही उघडली, मिटली. तिची नजर वर्गावरून फिरत होती, पण तिला हातच दिसत होते. आणि ज्या हातांवर तिचा भरवसा होता त्यांनीच तिला तोंडघशी पाडलं होतं.

‘हं, उजेड,’ ती म्हणाली. तिला टाचणातला चौथा प्रश्न आठवला असावा. ‘बी रुजायला काय काय लागतं?’

पुन्हा उजवा हात. पुन्हा ज्ञानूच, कारण त्याने घाबरून हात खाली घेतलाच नव्हता.

‘खत!’ ज्ञानू म्हणाला.

दोघंतिघं हसली. यास्मिन उभी राहिली. नुसती उभी. आदल्या वर्षी ती अशीच उभी राहिली असणार. माझ्या शेजारी लोखंडे सरांनी टाचणवहीचं पान उलटलं, लाल पेनचं टोपण काढलं. मी मनात म्हणत होते, सर, आता विचारा. तुम्हाला तर माहीत आहे. डावा हात निवडा, भाग्यश्री फाडफाड सांगेल, यास्मिन वाचेल. सरांनी मान वर केली नाही. त्यांनी गुणपत्रिकेत काहीतरी लिहायला सुरुवात केली.

मी उठावं असं मला वाटलं. नक्की वाटलं. पण मी बसून राहिले.

शेवटी भाग्यश्रीला राहवलं नाही. तिचा हात दुखायला लागला असणार.

‘बाई!’ ती उभी राहून ओरडली. ‘तुम्ही डावे विचारा की! आज उलटं हाय!’

सरांचं पेन थांबलं. ‘काय उलटं आहे?’

‘हात, सर. येतंय त्यानं डावा, न्हाय येत त्यानं उजवा. साहेब आले की उलटं. संजीवनीबाईंनी सांगितलंय.’ आणि तिने माझ्याकडे बोट केलं. अगदी अभिमानाने. तिला सूचना बिनचूक आठवत होती.

सर माझ्याकडे वळले. आयुष्यात मी माणसांचे चेहरे पुष्कळ पाहिलेत आणि खोटा गोंधळ मला लांबून कळतो. त्या चेहऱ्यावरचा गोंधळ खरा होता.

‘हा काय प्रकार आहे?’

मी उठले. ‘सर, तुम्हाला माहीत आहे ना... उजवा-डावा.’

‘मला? कशावरून?’

‘तुम्ही सकाळी म्हणालात. हातांकडे बघता, चेहरे कधी बघणार.’

‘अहो, ते आमच्या गुरुजींचं वाक्य आहे. त्यांच्या हाताखाली शिकलेले जिल्ह्यातले निम्मे शिक्षक तेच बोलतात. त्याचा इथे काय संबंध?’

‘तुम्ही ते ब्लॉगवर लिहिलं होतं असं मला वाटलं.’

‘कशावर?’

वर्गात अडतीस पोरं हात वर करून बसली होती. खाली घ्या असं कोणी म्हटलंच नव्हतं. त्या हातांच्या साक्षीने मी लोखंडे सरांना समजावून सांगितलं की ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची एक वही असते. त्यात आपण लिहितो, लोक वाचतात. त्यात मी उजव्या-डाव्याचं लिहिलं होतं, आणि तुम्ही वाचलंय असं समजून मी पोरांना उलटं सांगितलं.

‘कोण वाचतं ते?’ सरांनी विचारलं.

‘फार कोणी नाही, सर.’

‘कोणता ब्लॉग?’ हा आवाज फळ्याजवळून आला. यास्मिनचा. तो स्पष्ट होता. ‘संजे, कोणता?’

‘मागचा बाक.’

गणपतने माझ्याकडे पाहिलं. दोन महिने ही मुलगी आपल्याशी का बोलत नाही, हे त्या बिचाऱ्याला त्या क्षणी समजलं असावं.

यास्मिनने डस्टर टेबलावर ठेवला. मला वाटलं ती रडेल किंवा निघून जाईल. ती सरांना म्हणाली, ‘सर, उजव्या-डाव्याचं मुलांना मीच सांगितलं होतं. आठवडाभर रोज. तो दोष माझा आहे. ते उलटं कोणी केलं तेवढं मला माहीत नव्हतं.’

‘सगळेच करता वाटतं तुम्ही हे?’

‘हो सर,’ यास्मिन म्हणाली.

‘हो सर,’ गणपतही म्हणाला, सवयीने.

सरांनी घड्याळ पाहिलं. ‘एकोणीस मिनिटं आहेत अजून. मुलांनो, हात खाली. आता कोणीही हात वर करायचा नाही, डावा नाही, उजवा नाही. बाई, शिकवा.’

‘सर, टाचणात पुढे...’

‘टाचण माझ्याकडे आहे. ते असू दे इथेच.’

अडतीस हात खाली आले आणि पहिल्यांदा वर्गात फक्त तोंडं उरली. यास्मिन ती बघत राहिली. पुन्हा गप्प. मला वाटलं, संपलं. मग ती चालत खिडकीपाशी गेली, ज्ञानूच्या बाकापाशी.

‘ज्ञानू, खत का म्हणालास?’

ज्ञानूने शेजाऱ्याकडे पाहिलं. हात वर करावा की काय, या विचारात त्याचे दोन्ही हात मांडीखाली गेले. ‘आमच्या रानात टाकत्यात, बाई. पेरायच्या टायमाला. बी आन् खत संगटच.’

‘बरोबर. टाकतात.’ तिने वाटी त्याच्यापुढे धरली आणि फडकं उलगडलं. ‘यात खत कुठे आहे ते शोध.’

ज्ञानूने बोटाने मटकी चाळली. शेजारची तीन पोरं उठून वाकली. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.

‘न्हाय दिसत.’

‘मग हे मोड कसे आले?’

‘पाण्यानं?’ ज्ञानू म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. ‘पर बाई, आमच्या रांजणात एकदा मटकी पडली हुती. पाणीच पाणी. ती कुजली नुसती.’

हे टाचणात नव्हतं. मी यास्मिनकडे पाहिलं.

‘मलाही आत्ता सांगता येत नाही,’ ती म्हणाली. ‘थांब, बघू या. फडक्यात काय होतं, जे रांजणात नव्हतं?’

मग वर्गात जो गलका झाला त्याला सहभाग उत्तम म्हणतात की बेशिस्त, ते मला ठरवता येईना. हवा हा शब्द भाग्यश्रीने नाही, वेणी चघळणाऱ्या पिंकीने काढला. घंटा झाली तेव्हा यास्मिन फळ्यापासून सर्वांत लांब, शेवटच्या ओळीत उभी होती आणि वाटी पोरांच्या हातात फिरत होती.

सर बाहेर जाताना तिला एवढंच म्हणाले, ‘पहिली सोळा मिनिटं मी विसरू शकत नाही. मार्क त्याचेही धरावे लागतील.’

जूनमध्ये निकाल लागला. यास्मिन पास झाली, दुसऱ्या वर्गात. आश्रमशाळेवर रुजू झाली आणि आता तिथे मुख्याध्यापिका आहे. तिने गणपतची माफी मागितली ती पाठाच्याच दिवशी, शाळेच्या पायरीवर, सगळ्यांसमोर. माझ्याशी ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पण त्या दिवशी माझा पाठ अजून व्हायचा होता. दहा मिनिटांनी मी त्याच फळ्यासमोर उभी राहिले, ‘नकाशा आणि दिशा’. मागच्या बाकावर माझ्या जागी यास्मिन बसली. मी टाचण सरांकडे देऊन टाकलं. मला सगळं येत होतं, सगळ्या मुलांची नावंही. प्रत्येकाला नावाने हाक मारून मी विचारलं. भाग्यश्री उठायची, उत्तर तोंडात असायचं, आणि ते बोलण्याआधी ती मागे वळून यास्मिनबाईंकडे बघायची. ज्ञानूही तसाच. पिंकीही. जणू विचारत होती, या बाई खरंच विचारताहेत का? यास्मिन दर वेळी मान हलवायची, हो, सांग. मग ते मूल बोलायचं.

पस्तीस मिनिटं अशीच गेली.

नियम असा होता की निरीक्षण लिहून झाल्यावर ती वही पाठ घेणाऱ्याने वाचायची आणि सही करायची. यास्मिन उठून माझ्यापाशी आली आणि वही उघडून टेबलावर ठेवली. तेच सुरेख अक्षर.

‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. बाईंना सर्व विद्यार्थ्यांची नावे पाठ आहेत. विद्यार्थी बाईंवर विश्वास ठेवत नाहीत. त्याचे कारण बाईंना माहीत आहे.’

खाली तिने आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं पूर्ण लिहून सही केली होती.

‘वाचलंस?’

‘हो.’

‘मग कर सही,’ ती म्हणाली आणि आपलं पेन पुढे केलं.